अकरावी बशी

"चिखल मेलाय, असं लिही आणि सही कर," साहेबांनी प्रयोगशाळेतल्या तपासनीस मुलीपुढे कागद सरकवला. खाडीकाठच्या दलदलीवर भराव टाकायचं काम तेवढ्या कागदापायी अडलं होतं. तिथला चिखल पेरलेल्या प्रयोगशाळेतल्या दहाही काचेच्या बश्या कोऱ्या होत्या. जीवाणूंचा एक ठिपका उगवला असेल तर शपथ. पण याच चिखलातून शिंपल्या वेचून आईने तिला शिकवलं होतं. "जीवाणूंचं खाद्य कुठल्या पाण्यात शिजवलंत, साहेब?" "शुद्ध पाण्यात. नेहमीसारखंच." "समुद्रातल्या जीवांना गोडं पाणी! मग उगवणार काय, कपाळ?" तिने इनक्युबेटरमधून त्याच चिखलाची अकरावी बशी काढली. हिचं खाद्य आईने आणलेल्या खाडीच्या पाण्यात शिजवलेलं. बशीभर गोवर उठला होता: मोजून दोनशे सत्त्याऐंशी ठिपके. "नोकरी जाईल," साहेब गुरगुरले. तिने बशी कागदावर ठेवली. "जाऊ दे. चिखल मेलाय म्हणायच्या आधी या दोनशे सत्त्याऐंशी जणांच्या सह्या आणा."