बाबांची अँटेना

गच्चीवरची टीव्हीची जुनी अँटेना बाबांनी चढवली होती. केबल आली, नंतर बाबाही गेले, पण आईने ती उतरवू दिली नव्हती. पूर्वाने न विचारता तिच्याच नळ्या कापून हॅम रेडिओची अँटेना केली, तेव्हापासून आई कामापुरतंच बोलत होती. आज बिबवेवाडीवरून उपग्रह जाताना त्याच्यामार्फत पूर्वा प्रथमच परमुलखाशी बोलणार होती. एका हातात अँटेना, दुसऱ्यात रेडिओ आणि त्यातून नुसती खरखर. वाळलेले कपडे काढणारी आई म्हणाली, “तिरकी धर. बाबांना मी खालून ओरडून हेच सांगायचे.” पूर्वाने मनगट वळवलं. खरखरीतून कोलंबोचा माणूस बोलू लागला. “आलं, आलं!” आई ओरडली. “आता हलवू नकोस!” “उपग्रह पुढे सरकतोय गं, पर्वतीकडे. अँटेना फिरवावी लागते.” आईने कपडे कठड्यावर टाकले आणि अँटेना हातात घेतली. “तू बोल. फिरवते मी.”