बेहरूजची लेक

युद्ध सुरू असताना नर्गिसला आठव्या महिन्यातच मुलगी झाली. अशा बाळांना उबेत ठेवायची काचेची पेटी इस्पितळात बंद पडली होती; आर्थिक निर्बंधांमुळे तिचा सुटा भाग बाहेरून येतच नव्हता. तेवढ्यात हल्ल्याचा भोंगा वाजला. नर्गिस अजून भुलीत होती. तिला खाटेसकट आणि बाळालाही तळघरात हलवलं. साताऱ्याहून या परदेशी इस्पितळात नोकरीला गेलेल्या डॉक्टर मृणाल दाभाडेंनी बाळाला स्वतःच्या उघड्या छातीशी धरलं, वरून शाल गुंडाळली आणि दुपारभर तशाच बसून राहिल्या.

वर आकाशात क्षेपणास्त्रं पाडल्याचे आवाज येत होते. ती पाडणाऱ्या तुकडीतच बाळाचा बाप, बेहरूज, होता.

संध्याकाळी तो धुळीने माखलेला आला आणि दारातच थांबला.

"एक आमच्या हातून सुटलं," तो म्हणाला. "बाजारावर पडलं. बाजार बंद होता म्हणून माणसं वाचली. मी हिला कसा हात लावू?"

"साबणाने धुऊन," मृणाल म्हणाल्या. "आणि शर्ट काढा. माझी पाठ अवघडलीये."

बापाच्या छातीवर मुलगी जरा चुळबुळली, मग निवांत झोपली. शुद्धीवर आलेली नर्गिस खाटेवरून बघत होती. तो श्वाससुद्धा जपून घेत होता.