प्रमोशनचा अर्थ

लोटू कामावरून आला, हातपाय धुतले आणि भिंतीला टेकून बसला. कानात यंत्रमागांची खडखड अजून चालूच होती. शेठनं प्रमोशन दिलं, एवढंच त्यानं सांगितलं. उद्यापासून माग चालवायचे नाहीत. मास्तर होऊन चालवणाऱ्यांवर लक्ष ठेवायचं.

"मंग असा तोंड पाडीसन का बठनात?" त्याच्या बायकोनं, प्रमिलाबाईनं विचारलं.

पोरगी मात्र हरखली. शाळेतल्या सरलाबाईंनी सुट्टीपुरता दिलेला जाड शब्दकोश हर्षदानं फळीवरून काढला आणि बापाला समजावून सांगू लागली. शब्द मूळचा लॅटिनमधला. 'पुढे' आणि 'हलवणं' असे दोन तुकडे जोडून झालेला. म्हणजे पुढे सरकवणं.

"आपण सरकायचं, की दुसऱ्यानं सरकवायचं?" लोटूनं विचारलं.

हर्षदानं पुन्हा पानावर बोट फिरवलं. "दुसऱ्यानं, बाबा."

लोटूनं मान हलवली आणि चपला घातल्या. जेवून तरी जा, असं प्रमिलाबाई म्हणाली. आल्यावर जेवतो म्हणाला.

विठ्ठल त्याच ओळीत, नळाच्या पलीकडे राहायचा. नांदेडकडचा माणूस. लोटू लिंबायतच्या या कामगारवस्तीत नवा आला तेव्हा तुटलेला धागा जोडायला त्यानंच शिकवलं होतं. आता त्याला बारीक दिसेनासं झालं होतं; कापडात दोष राहायचे. उद्यापासून येऊ नको म्हणून त्याला सांग, हे शेठनं नव्या मास्तरावर सोपवलेलं पहिलं काम.

विठ्ठल दारात खाटेवर बसला होता. लोटूनं वाटेत जुळवलेली वाक्यं ऐन वेळी आठवेनात. आधी त्यानं डोळ्यांचं विचारलं, मग गावाकडच्या पावसाचं. शेवटी जमिनीकडे बघत सगळं सांगून टाकलं. दुसरीकडे कुठं तरी शब्द टाकतो, असंही म्हणाला. ते दोघांनाही खरं वाटलं नाही.

विठ्ठल चिडला असता, दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं लोटूला वाटलं.

मग विठ्ठलनं आत बायकोला, सखुबाईला चहा टाकायला सांगितलं. इतकी वर्षं तो लोटूला लोट्या म्हणत आला होता. तो सावकाश उठला आणि खांद्यावरच्या पंच्यानं खाट झटकली.

"बसा, मास्तर," तो म्हणाला.