बाकावरचं नाव

मुलांनो, इंग्लंडमधला गोल दगडांचा उभा चढ डोळ्यांसमोर आणा. राय गावातल्या त्या चढावर एवढी गर्दी होती, की शाल्मलीच्या आबांना कुठे टेकताही आलं नाही. मग ती दोघं शेजारच्या विंचेल्सी गावात आली. तिथे मात्र शुकशुकाट होता. चर्चपाशी एक बाक रिकामं होतं.

दमलेले आबा तिथवर पोचले आणि बाकाच्या पाठीवरची पितळी पट्टी वाचून थबकले. “अगं, हे वारलेल्या बाईंच्या आठवणीसाठी ठेवलेलं बाक, त्यांचं नाव आहे यावर. त्यांच्या जागेवर कसा बसू?”

“पाय लटपटताहेत तुमचे!”

“लटपटू देत. पडलो तर माझ्याही नावाचं बाक टाका.”

शाल्मलीने नावाखालची ओळ वाचली : ‘तिला इथे गप्पा मारायला आवडायचं.’ मग ती एका टोकाला बसली, मधे एका माणसापुरती जागा सोडली आणि आबांसाठी दुसरं टोक रुमालाने पुसलं.