सारंगखेड्याचं पथक आणि जगदीशभाईंची सून

होडी पुन्हा रिकामीच काठाला लागली, तेव्हा जगदीशभाई उठून उभे राहिले. उखानं नुसती मान हलवली. जगदीशभाई परत बसले. सकाळपासून हेच चाललं होतं.

पहाटे पुलाच्या कठड्यापाशी चपला आणि ओढणी दिसली ती हिलालला. हिलाल बचाव पथकातला, त्यामुळे घरी सांगायला तोच गेला. चपला जगदीशभाईंच्या सुनेच्या, सीमाच्या होत्या. सून घरात नव्हती. चहा टाकायच्या आधी दोन गाड्या भरून भावकी तापीच्या काठावर हजर झाली.

पथक म्हणजे गावातली पोहणारी माणसं. पगार नाही. केशरी जॅकेटं मात्र आहेत. त्यांच्यावर पथकाचं नाव बारीक आणि देणगीदाराचा चेहरा मोठा, म्हणजे बुडणाऱ्याला आधी देणगीदार दिसतो, मग मदत.

उखा पथकाचा म्होरक्या. साठी उलटलेली, कंबर धरलेली. एरवी काठावर चहा आणून देणारी त्याची बायको आज गावाला गेली होती. तो बुडी मारी, वर येई, होडीच्या कडेला लोंबकळून धापा टाकी आणि पुन्हा खाली जाई. खाली गढूळ पाणी. दिसण्यासारखं काही नव्हतं. पुलावरून बघे सल्ले देत होते. त्यातल्या निम्म्यांना पोहता येत नव्हतं, त्यांचे सल्ले जास्त ठाम होते.

सीमाचा नवरा हेमकांत गाडीत एसी लावून दुःख करत होता.

दुपार व्हायच्या आत चुलतभाऊ राजेंद्रला शंका आली. नदी एवढी चाळली, आता एक गाडी नंदुरबार स्टेशनाकडेही पाठवून पाहावी, असं त्याचं म्हणणं पडलं. हेमकांतनं लगेच गाडी चालू केली.

उखा पाण्यातूनच म्हणाला, "जा ना भाऊ. पन घरना मानूस काठ सोडस तं तापीमाय मानूस परत देत नही. मंग आमले बोल लावू नका."

हे शास्त्र कोणी ऐकलेलं नव्हतं. म्हणूनच ते मोडायची कोणाची छाती झाली नाही. गाडी बंद झाली. एसी तेवढा चालू राहिला.

थोड्या वेळानं जगदीशभाई उखाच्या हातात चहाचा कप देऊन त्याला बाजूला घेऊन गेले. इकडचं तिकडचं बोलले. केळीचं बोलले. मग आवाज उतरवून विचारलं, "उखाभाऊ, पानीमा पडेल मानूसना आंगवरला वळ मिटी जातस का?"

"कसाना वळ?"

"असाच. घरमा भांडाले भांडं लागसच ना."

उखानं चहा संपवला. कप खाली ठेवला.

"तापीमाय समदं मिटाडी देस," तो म्हणाला.

"मंग बरं शे," जगदीशभाई म्हणाले, आणि सकाळपासून पहिल्यांदाच पाय पसरून बसले.

त्यानंतरची उखाची बुडी फार लांबली. हिलाल घाबरून होडीत उभा राहिला. उखा वर आला तेव्हा डोळे लालभडक झाले होते. पुरे कर, आता मी उतरतो, असं हिलाल म्हणाला. उखानं ऐकलं नाही.

ऊन कललं तशी होडीतल्या प्लास्टिकच्या पिशवीत उखाचा मोबाइल वाजला. त्यानं ओल्या हातानंच कानाला लावला, नुसतं "बरं" म्हणाला आणि ठेवून दिला. मग काठावर येऊन जगदीशभाईंपुढे हात जोडले.

"तापीमायनी ठेवी लिधी तिले. आते वाट पाहू नका. घर जा, जे करानं ते करी टाका."

जगदीशभाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. सून आपल्याला मेली, असं त्यांनी भावकीसमोर नदीला नमस्कार करून सांगितलं. क्रियाकर्म कधी करायचं ते गाडीत बसता बसताच ठरलं. धूळ उडवत दोन्ही गाड्या चढ चढून गेल्या. बघेही पांगले.

उखा वाळूवर आडवा झाला. त्याच्यात जॅकेट काढायचंही त्राण नव्हतं. हिलाल दोर गुंडाळत शेजारी येऊन बसला. चढावर कोणी मागे राहिलं नाही ना, ते त्यानं एकदा मान वळवून पाहिलं.

"वहिनीना फोन व्हता?"

"हां," उखा डोळे मिटूनच म्हणाला. "गाडी अहमदाबादना पुढे गयी. सीमा जेवी ऱ्हायनी, म्हने."