आईपर्यंत

शुक्रवारी दुपारी तेलेसिया ‘माझी आई’ या विषयावरचे मुलांचे निबंध तपासत होती. सामोआत भाषणाच्या सुरुवातीला करतात तशी प्रत्येकाने देवाला, गावच्या प्रमुखांना, पाद्रीबाबांना ओळीने वंदनं केली होती. निबंधात आई येण्याआधीच कागद संपला होता. “दहापैकी दोन,” ती चिडून म्हणाली. शेजारी अळकुड्या सोलणारी आई हसली. “ह्यांच्यासाठी ऑकलंड सोडून गावी आलीस होय गं? शाळेचं भारीच वेड बाई तुला!” तेलेसियाने आजही तिचा समज खोडला नाही. शनिवारी पहाटे आई झोपेतच गेली. अंत्यविधीला तेलेसिया बोलायला उभी राहिली. देव, प्रमुख, पाद्रीबाबा, एकही वंदन चुकलं नाही. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मग आईविषयी बोलायची वेळ आली आणि ती मटकन खाली बसली. पाहुणे पांगल्यावर ती तिथल्या रीतीप्रमाणे घरासमोरच खणलेल्या ओल्या कबरीपाशी गेली. “आई, मी शाळेसाठी नव्हते आले गं. तुझ्यासाठी आले होते.”