अर्धं राहिलेलं आख्यान

"मावशी, चिपळ्यासुद्धा बाहेरच ठेवा. आत धातू चालत नाही," एमआरआयवाली मुलगी म्हणाली. कीर्तनकार रेवतीबाईंनी आईच्या चिपळ्या तिच्या हाती दिल्या.

आई गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. शेवटच्या कीर्तनात यम सत्यवानाला घेऊन निघाला आणि ती कोसळली. सावित्रीचं ते आख्यान बाईंनी कधीच पुरं केलं नाही. आता तोच आजार त्यांना. पसरलाय का, ते आज दिसणार होतं.

यंत्राची ठकठक सुरू झाली. त्यातून चिपळ्या ऐकू आल्या, आईच्याच लयीत. बाई घाबरल्या, पण हलता येत नव्हतं.

बाहेर येताच त्यांनी विचारलं, "तू वाजवल्यास का गं?"

"छे, कुलपात होत्या. रिपोर्ट उद्या मिळेल."

परत घेतलेल्या चिपळ्या हाताला उबदार लागल्या. बाकावर बसून बाईंनी आईचं आख्यान तिथूनच पुढे सुरू केलं: सावित्री यमाच्या मागे निघाली.